नाव झाकले तरी गाव ओळखते

आमच्याकडच्या मुलांना निबंध पूर्ण झाला की त्याखाली स्वतःची संपूर्ण ओळख लिहिण्याची सवय असते. हस्तलिखितासाठी, भित्तिपत्रकासाठी किंवा केंद्रस्तरीय स्पर्धेसाठी लिहिलेला कोणताही कागद घ्या, शेवटी मुलीच्या नावाआधी 'कु.', मग वडिलांचे नाव, आडनाव, इयत्ता, हजेरी क्रमांक, शाळा, पोस्ट, तालुका आणि जिल्हा हे सारे ओळीने उतरलेले असते. भित्तिपत्रक शाळेच्या व्हरांड्याबाहेर जात नव्हते तोवर त्यात वावगे काही नव्हते. परंतु वर्गाचे लेखन ऑनलाइन ठेवायला सुरुवात केली की मुले हीच सवय जशीच्या तशी तिकडे नेतात, आणि मग त्या चार ओळींवरून कोणाही अनोळखी माणसाला लिहिणारी मुलगी आहे, ती साधारण किती वर्षांची आहे, तिच्या वडिलांचे नाव काय, आडनावावरून जात कोणती आणि शाळेच्या वेळेत ती नेमकी कोठे सापडेल, इतके सगळे समजते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मराठी शिकवतो. सहावी ते आठवीच्या मुलांचे ई-हस्तलिखित आम्ही ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉग-सेवेवर चालवतो. या वर्गांतील बरीच मुले तेरा वर्षांच्या आतली असतात आणि गुगलचे खाते स्वतः सांभाळण्यासाठी आपल्याकडे किमान तेरा वर्षे वय लागते, त्यामुळे मोठ्या भावाची जन्मतारीख टाकून प्रत्येकाने खाते काढण्यापेक्षा सगळे लेखन शाळेच्या एकाच खात्यावरून जाणे योग्य ठरते. मुले मजकूर टाइप करतात, पासवर्ड शिक्षकांकडे राहतो आणि प्रकाशित करण्याचे बटण शिक्षकच दाबतात. प्रतिक्रिया मंजुरीशिवाय दिसू नयेत आणि आपले पान शोधयंत्रांच्या यादीत येऊ नये, या दोन्ही सोयी सेटिंग्जमध्ये आहेत व त्या पहिल्याच दिवशी लावून घ्याव्यात. पान केवळ निमंत्रित वाचकांपुरते ठेवण्याचीही सोय आहे, मात्र त्यासाठी प्रत्येक वाचकाला गुगल खात्यातून प्रवेश करावा लागतो. आमच्या पालकांपैकी अनेकांचे खाते मोबाइलच्या दुकानदारानेच काढून दिलेले असते आणि पासवर्ड विचारला की ते दुकानदाराचेच नाव सांगतात, म्हणून ही सोय खेड्यात नावापुरती राहते.

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेविषयी जे मार्गदर्शन प्रशिक्षणांतून मिळते ते बहुतांशी दूरच्या अनोळखी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असते. आडनाव देऊ नका, गावाचे नाव देऊ नका, फोन क्रमांक आणि छायाचित्र टाकू नका, असे त्यात सांगितलेले असते आणि ते बरोबरच आहे. परंतु दोनशे घरांच्या गावात एवढ्याने भागत नाही. "आमच्या घरामागे चिंचेचे झाड आहे आणि यंदा बाबांचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला" असे एक वाक्य लिहिले की लिहिणाऱ्याचे नाव झाकले काय आणि उघडे ठेवले काय, साऱ्या गावाला घर कळते. आमचे खरे वाचक दूरचे नाहीतच. शाळेच्या पानाची लिंक संध्याकाळपर्यंत गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर जाते आणि ती उघडणाऱ्यांत काका, आत्याचे यजमान, कृषी केंद्राचा मालक, पोलीस पाटील आणि व्याजाने पैसे देणारा माणूस हे सगळे असतात. मुलाच्या लेखनाने त्याचे किंवा त्याच्या घराचे नुकसान व्हायचे असेल, तर ते बहुधा याच माणसांच्या हातून होते. म्हणून प्रकाशनापूर्वी मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. अनोळखी माणसाला यातून मूल शोधता येईल का, हा पहिला. आणि ओळखीच्या माणसाला यातून असे काही कळेल का, जे त्या घराने अजून कोणाला सांगितलेले नाही, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाची सोडवणूक तुलनेने सोपी आहे. आमच्याकडे मुलांनी टोपणनावे घेतली आहेत, त्यांत टिटवी, निंबोळी, पळस, मोहफूल आणि रोही आहेत. 'वाघ' या नावासाठी इतकी भांडणे झाली की ते कोणालाच दिले नाही. कोणते टोपणनाव कोणाचे, याची वही मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. त्यानंतर मजकुरातील वेळ आणि वाट यांकडे पाहावे लागते, कारण मुले सहजपणे फार नेमके लिहितात. "शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी नाल्याच्या वाटेने एकटीच घरी जाते", "आईबाबा दिवाळीनंतर कामासाठी बाहेरगावी जातात, तेव्हा घरी मी आणि आजी दोघीच असतो", ही वाक्ये निबंध म्हणून फार चांगली आहेत. पण त्यांतून एकटेपणाचा दिवस आणि जागा दोन्ही सांगितली जातात. अशा वाक्यातील वार आणि वाट काढली तरी त्यातील भाव टिकतो. ते कसे करायचे हे मुलाला स्वतःच्या हाताने करू दिले, तर पुढच्या वेळी ते सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्याला नियम पुरत नाहीत. सातवीतील एका मुलीने तुरीच्या हंगामावर लिहिले होते. तुराट्यांचे भारे, कुटाराचा अंगाला खाजणारा बारीक भुसा, खळ्यावर दुपारी खाल्लेली भाकर आणि मिरचीचा ठेचा, असे सगळे त्यात इतके स्वच्छ उतरले होते की वाचताना नाकात धूळ जावी. शेवटच्या परिच्छेदात तिने लिहिले होते की तूर घरात येईपर्यंत घर चालावे म्हणून आईने गळ्यातली पोत गहाण ठेवली आणि आता ती काळ्या मण्यांचा साधा दोरा घालते. मजकूर छापण्यापूर्वी आम्ही तो घरी वाचून दाखवायला सांगतो. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "गुरुजी, पोरीनं लिवलं ते खोटं नाही. पण आमच्या बुढीले पोत गहान टाकल्याचं अजून मालूम नाही." त्या माउलीची तक्रार मुलीवर नव्हती, लेखनावरही नव्हती, सासूला ही गोष्ट कधी आणि कशी सांगायची हे ठरवण्याचा हक्क तिचा होता, आणि तो तिला स्वतःकडे ठेवायचा होता.

मुलीला मी तो परिच्छेद काढ असे सांगितले नाही. तिने आणि तिच्या आईने मिळून ठरवले की खळ्यापर्यंतचा भाग प्रसिद्ध करावा आणि पोतीचा भाग वहीत राहू द्यावा. मला विचाराल तर तो निबंधातला सर्वांत चांगला भाग होता आणि तो गेल्याने लेखन उणे झाले, हे मान्य केले पाहिजे. तरीही लेखन चांगले आहे एवढ्या कारणाने ते बाहेर यायलाच हवे असे होत नाही, आणि बारा वर्षांच्या मुलीने घरातील दुसऱ्या माणसाची गोष्ट आपल्या लेखणीखाली येते तेव्हा त्या माणसाला विचारायचे असते, हे तेव्हाच शिकलेले बरे. वहीतील तो परिच्छेद मी वाचला, त्यावर चार ओळींचा शेरा लिहिला आणि वही तिला परत दिली. प्रत्येक मुलाकडे असे न छापण्याचे लेखन असणारी एक वही असावी, असे माझे मत आहे, कारण सगळेच छापायचे आहे असे कळले की मुले लवकरच गुळगुळीत आणि खोटे लिहू लागतात.

संमतीची गोष्ट येथेच येते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते, तिची वैयक्तिक माहिती डिजिटल स्वरूपात हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागते, आणि दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळांमध्ये मात्र संमती म्हणजे वर्षाच्या आरंभी प्रवेश अर्जासोबत घेतलेली एक सही किंवा अंगठा, असा समज अजून पक्का आहे. ज्या बापाने आपल्या मुलाचे लेखन मोबाइलच्या पडद्यावर कसे दिसते हे कधी पाहिलेले नाही, त्याने केलेल्या सहीला काय अर्थ आहे? आम्ही पालक सभा संध्याकाळी, माणसे वावरातून परतल्यावर ठेवतो, तेथे ते पान प्रत्यक्ष उघडून दाखवतो, आणि लेखन, आवाज व छायाचित्र यांसाठी वेगवेगळी संमती विचारतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागांवर महिला असतात. या समितीपुढे विषय ठेवला की कागदोपत्री मंजुरी मिळतेच, शिवाय शिक्षकाला न सुचणारे प्रश्नही पुढे येतात. मुलींचा आवाज ध्वनिमुद्रित करून टाकू नये, ही सूचना आमच्याकडे एका आईनेच केली.

छायाचित्रांबाबत मी कठोर आहे, आणि सहकाऱ्यांना ते आवडत नाही याची मला कल्पना आहे. शालेय पोषण आहाराची पंगत, वृक्षारोपण, वह्यावाटप, कोणताही कार्यक्रम असो, त्याचा फोटो काढून कोठल्या तरी गटावर टाकल्याशिवाय तो झाला असे आता मानलेच जात नाही. त्यातही दाते सायकल किंवा दप्तर देतात तेव्हा मुलाला पुढे उभे करून, वस्तूवर हात ठेवायला लावून जो फोटो काढला जातो, तो मला पाहवत नाही. ज्या घरातील कर्ता माणूस कर्जापायी गेला त्या घरातील लेकरांचे असे फोटो आमच्या जिल्ह्याने फार पाहिले आहेत. ती लेकरे मोठी होतात, तालुक्याच्या महाविद्यालयात जातात, आणि 'शेतकऱ्याच्या अनाथ मुलीला मदत' असे लिहिलेला फोटो त्यांच्या मागे येत राहतो. आमच्या पानावर चेहरे नसतात. हात, पाठी, चित्रे, मातीचे बैल, वर्गाची खिडकी यांचे फोटो असतात आणि त्यांनी काम पुरेसे भागते. शाळेचा फलक आणि गणवेशावरील बिल्ला मागे येत नाही ना, हे पाहावे लागते. मोबाइलच्या मूळ फोटोमध्ये तो जेथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थानाची नोंद बंद करूनच फोटो काढावा.

आता आदराविषयी. विदर्भात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायची यमकी कवने, म्हटल्या जातात. त्यांत पाटलापासून पुढाऱ्यापर्यंत कोणाचीही टर उडवण्याची मुभा असते. पण ज्याची टर उडवायची तो समोर उभा असतो, त्याला तेथल्या तेथे उलट झडती म्हणता येते, आणि तोरण तुटले की विषय संपतो. ऑनलाइन लेखनात समोरचा माणूस दिसत नाही, त्याला उत्तर देण्याची सोय बहुधा नसते, आणि तोरण कधी तुटतच नाही. ही गोष्ट मुलांना झडतीच्या उदाहरणाने चटकन समजते. आठवीतील एका मुलाने बसथांब्यावर दिवसभर बसून राहणाऱ्या, स्वतःशी बोलणाऱ्या एका माणसावर विनोदी व्यक्तिचित्र लिहिले होते, आणि वर्ग खळखळून हसलाही होता. हे त्या माणसाच्या भावासमोर मोठ्याने वाचशील का, एवढेच मी त्याला विचारले. तो बराच वेळ विचार करत राहिला आणि मग त्याने त्या माणसाऐवजी बसथांब्यावर लिहिले. तेथील तुटका बाक, कधीच वेळेवर न येणारी एसटी आणि तिची वाट पाहताना होणारी भांडणे यांचे ते वर्णन पहिल्यापेक्षा अधिक विनोदी झाले.

प्रतिक्रिया लिहिणे हे लेखन लिहिण्याइतकेच शिकवावे लागते, आणि ते कोणी शिकवत नाही. सुरुवातीला मुले प्रत्येक लेखनाखाली 'मस्त', 'खूप छान', 'एक नंबर' असे लिहून मोकळी होतात, किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून हसणारे चेहरे टाकतात. आम्ही अट घातली की प्रतिक्रियेत मूळ लेखनातील एका ठिकाणाचा उल्लेख असलाच पाहिजे. तान्ह्या पोळ्यावरच्या एका कवितेखाली मग अशी प्रतिक्रिया आली : "लाकडी बैलाच्या शिंगाला बेगड लावताना बोटं चिकट होतात हे तू लिहिलंस, पण बैलाला चाकं होती की नाही ते सांगितलं नाहीस." कवीने दुसऱ्याच दिवशी चाकांचे कडवे जोडले. मात्र बाहेरच्या वाचकांना अशी शिस्त नसते. मुलांच्या संवादांत आम्ही वऱ्हाडी बोली तशीच ठेवतो, त्यावर 'आधी शुद्ध मराठी शिकवा' अशा सूचना येतात, आणि त्या मी मंजूर करत नाही. मूल एकदा स्वतःच्या घरच्या बोलीची थट्टा जाहीरपणे वाचते, तेव्हा ते पुढे लिहायचेच थांबते.

आदर म्हणजे तक्रार करू नये, असा अर्थ काढण्याकडे आम्हा शिक्षकांचा कल असतो, कारण आम्हाला वरिष्ठांची भीती असते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही, असे मुलींनी लिहिले तर ते का छापू नये? मी ते छापावे याच मताचा आहे, फक्त मुलींनी स्वतः पाहिलेले तेवढेच लिहावे, कोणत्या आठवड्यात पाहिले ते लिहावे, आणि कोणा एका माणसाच्या चारित्र्यावर जाऊ नये. येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते, जी शहरातील शिक्षकाला कदाचित सुचणार नाही. ग्रामपंचायतीविषयी लिहिणाऱ्या मुलीच्या बापाचे घरकुलाचे प्रकरण त्याच ग्रामपंचायतीत अडकलेले असू शकते. म्हणून असे लेखन टोपणनावानेही न देता सबंध वर्गाच्या नावाने द्यावे आणि खाली शिक्षकाने स्वतःचे नाव घालावे. राग यायचा असेल तर तो बदलीच्या नोकरीतल्या माणसावर आलेला परवडतो.

उसन्या मजकुराबद्दल थोडक्यात सांगतो. मुले इंटरनेटवरून चित्र उचलतात, कविता उतरवतात आणि खाली स्वतःचे नाव घालतात, कारण सुविचार असेच फळ्यावर लिहिलेले त्यांनी पाहिलेले असतात. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. आमच्याकडे ज्यांच्या ओव्या घरोघरी म्हटल्या जातात ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्या हिशोबाने त्यांच्या लेखनावरील हक्क २०२८ अखेरपर्यंत आहे. ओवी उद्धृत करावी, खाली त्यांचे नाव द्यावे आणि अख्खा अध्याय उतरवू नये, एवढे मुलांना सांगितले की पुरते. उलट मुलाच्या निबंधावरील पहिला हक्कही त्या मुलाचाच असतो, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. तो परस्पर एखाद्या वार्षिकांकाला पाठवण्यापूर्वी त्याला विचारलेले बरे.

कधीकधी वहीत असे काही येते की प्रकाशनाचा प्रश्नच उरत नाही. घरातील मारहाण, चौदाव्या वर्षी ठरत असलेले लग्न, किंवा त्याहून वाईट काही. मूल हे निबंधात लिहिते, कारण ते बोलता येत नाही. तेथे भाषेचा शिक्षक बाजूला ठेवून कायदा पाहावा लागतो. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका असेल तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा कुटुंब ओळखू येईल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्येही काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. १०९८ हा संकटातील मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आमच्या वर्गात फळ्याशेजारी रंगवून घेतला आहे. तो मुलांच्या डोळ्यांसमोर असावा, शिक्षकाच्या डायरीत नव्हे.

शेवटचा मुद्दा बदलीचा. जिल्हा परिषदेच्या अनेक शिक्षकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत उत्साहाने ब्लॉग सुरू केले, बहुतेकांनी ते आपल्या खाजगी जीमेल खात्यावर काढले, आणि बदली झाल्यावर ते तसेच उघडे राहिले. त्यांत कोणा मुलांचे फोटो आहेत, कोणाची पूर्ण नावे आहेत, आणि ती काढून टाका म्हणायला मुलाने कोणाकडे जायचे हे कोणालाच ठाऊक नाही. गुगल दोन वर्षे वापरात नसलेली खाजगी खाती बंद करू शकते, परंतु शिक्षक ते खाते इतर कामांसाठी वापरतच असतो, त्यामुळे जुने पान सहसा तसेच राहते. ब्लॉगरमध्ये एकापेक्षा अधिक प्रशासक नेमता येतात, म्हणून शाळेच्या ईमेलला प्रशासक करून ठेवावे आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत पासवर्डचीही नोंद असावी. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला, आता दहावीत असलेला एक मुलगा मध्यंतरी आला आणि सहावीत लिहिलेली कविता काढून टाका म्हणाला. कारण विचारले नाही, कविता त्याच्यासमोर काढली आणि तिची एक छापील प्रत त्याला दिली. त्या कवितेचा स्क्रीनशॉट गावातल्या कोणाच्या मोबाइलमध्ये राहिला असेल तर तो काढणे आपल्या हातात नाही, हे त्याला सांगितले. तो म्हणाला, बाबांना ते पालक सभेतच सांगितले होते.